परिचर्येचे दोन मार्ग : पदविका आणि पदवी

जयपूर शहरात मोती डुंगरीच्या परिसरात तिलक नगर ही वस्ती आहे. सवाई मानसिंह हे मोठे शासकीय रुग्णालय तेथून फार दूर नाही. या वस्तीतील एखाद्या मुलीने परिचारिका होण्याचे ठरविले, तर तिच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, तीन वर्षांची पदविका घ्यावी की चार वर्षांची पदवी? घरात या प्रश्नाचा विचार बहुधा खर्च आणि प्रतिष्ठा या दोनच अंगांनी होतो. वास्तविक हे दोन मार्ग कोठे एकत्र येतात आणि कोठे वेगळे होतात, ते आधी समजून घेणे आवश्यक आहे.

दोन्ही मार्गांचा उगम निरनिराळ्या गरजांतून झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात विद्यालय सुरू केले, तेव्हापासून रुग्णालय हीच परिचर्येची खरी शाळा मानली जाऊ लागली. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले. परक्या माणसांची शुश्रूषा करणे कुलीन स्त्रीला शोभत नाही, अशी समजूत दृढ असलेल्या त्या काळात निराधार विधवांना स्वतःच्या पायावर उभे करणारे हे शिक्षण होते.

पुढे १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात प्रशिक्षित परिचारिकांची संख्या अवघी ७,००० च्या आसपास होती. ही संख्या वाढवावयाची, तर शिकविणाऱ्या आणि व्यवस्था पाहणाऱ्या परिचारिकाही हव्या होत्या. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवीशिक्षण सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. अशा रीतीने पदविका ही रुग्णशय्येजवळच्या कामाची, तर पदवी ही अध्यापनाची व नेतृत्वाची वाट, अशी विभागणी लोकांच्या मनात रुजली.

ही विभागणी पूर्णतः खरी नाही. 'जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी' ही पदविका घेतलेली आणि बी. एस्सी. नर्सिंग झालेली, अशा दोघींचीही राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंद होते ती 'नोंदणीकृत परिचारिका व प्रसविका' म्हणूनच. रात्रपाळीला रुग्णाची नाडी पाहताना, शिरेतून औषध देताना दोघींची जबाबदारी सारखीच असते. अमेरिकेतही असेच घडले. तेथे मिल्ड्रेड माँटॅग यांच्या कल्पनेनुसार १९५२ मध्ये स्थानिक कनिष्ठ महाविद्यालयांतून परिचर्येचे दोन वर्षांचे शिक्षण सुरू झाले. त्या महाविद्यालयांतील आणि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना परवान्यासाठी आजही एकच परीक्षा द्यावी लागते.

मार्ग वेगळे होतात ते प्रवेशद्वारापाशी आणि पुढच्या वाटचालीत. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन सामान्यतः किमान ४५ टक्के गुण मिळवावे लागतात. पदविकेसाठी कोणत्याही शाखेतून, इंग्रजीसह बारावी उत्तीर्ण झालेली आणि किमान ४० टक्के गुण मिळविलेली विद्यार्थिनी पात्र ठरते. याचा अर्थ असा की, ज्या निवडीची चर्चा बारावीनंतर घराघरांतून होते, ती पुष्कळदा दहावीनंतरच नकळत होऊन गेलेली असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने मैत्रिणींबरोबर कला शाखा घेतली, की पदवीचे दार तिच्यापुरते बंद होते. आणि ते बंद झाल्याचे तिला दोन वर्षांनी कळते.

तथापि हे दार कायमचे बंद होत नाही. पदविका घेऊन नोंदणी झालेल्या परिचारिकेला दोन वर्षांचा पदविकोत्तर बी. एस्सी. अभ्यासक्रम करता येतो. पदविकेची तीन आणि ही दोन, अशी एकूण पाच वर्षे होतात. म्हणजे थेट पदवीपेक्षा एक वर्ष अधिक. परंतु मधल्या काळात ती नोकरी करू शकते, घराला हातभार लावू शकते आणि पुढच्या शिक्षणाचा खर्चही काही अंशी स्वतः उचलू शकते. ज्या कुटुंबाला चार वर्षांचे शुल्क एकदम झेपत नाही, त्याच्या दृष्टीने हे एक वर्ष वाया गेले असे म्हणता येणार नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या परिचर्या अधिकारी पदासाठी पदवीधर थेट अर्ज करू शकतात. पदविकाधारकांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एम. एस्सी. साठी पदवी अनिवार्य आहे. ज्या विद्यार्थिनीचा ओढा अध्यापनाकडे वा संशोधनाकडे आहे, जिचे विज्ञानविषय चांगले आहेत आणि जिला चार वर्षे शिकविणे घराला शक्य आहे, तिने केवळ लवकर कमावण्यासाठी पदविका पत्करणे शहाणपणाचे नाही. नोकरी आणि संसार सुरू झाल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होणे अनेकींना जमत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. राजस्थानात या व्यवसायात पुरुषांचे प्रमाणही लक्षणीय आहे. घरची जबाबदारी लवकर अंगावर पडलेल्या तरुणांनाही हीच अडचण जाणवते.

मार्ग कोणताही असो, संस्थेची पारख सर्वांत महत्त्वाची. संस्थेला परिचर्येच्या नियामक परिषदेची मान्यता आहे काय, हे प्रवेशापूर्वी परिषदेकडूनच पडताळून पाहावे. मान्यता नसेल, तर शिक्षण पुरे होऊनही नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून नोकरी नाही. दुसरा प्रश्न रुग्णालयाचा. विद्यार्थिनी कोणत्या रुग्णालयात काम शिकतात, तेथे प्रसूती, शस्त्रक्रिया, बालरोग व अतिदक्षता हे विभाग खरोखर चालतात काय, आणि त्यांच्यासमवेत शिक्षिका वॉर्डात उभी असते काय, हे तेथील जुन्या विद्यार्थिनींना विचारावे. ज्या महाविद्यालयाच्या मुलींना रुग्णच पाहावयास मिळत नाहीत, तेथील पदवीपेक्षा गजबजलेल्या शासकीय रुग्णालयातील पदविका निश्चित अधिक मोलाची होय.

म्हणून तिलक नगरातील त्या मुलीने प्रथम दहावीनंतरच विज्ञान शाखेचा विचार करावा, म्हणजे दोन्ही दारे खुली राहतील. त्यानंतर घरची ऐपत, स्वतःचा कल आणि जवळच्या मान्यताप्राप्त संस्थांमधील शिक्षणाचा दर्जा या तीन गोष्टी पाहून निर्णय घ्यावा. पदविकेने आरंभ केला, तर पदविकोत्तर पदवी किती वर्षांनी करावयाची, हे पहिल्याच वर्षी घरच्यांशी बोलून ठरवावे.