नेवाशाच्या टेकाडांतील रोमी खापर

वाचकहो, नव्या करारांत आपण कैसराचें व रोम शहराचें नांव वाचतों, तेव्हां तें राज्य फार दूरचें वाटतें. परंतु त्या राज्यांतून आलेल्या वस्तूंचे तुकडे आपल्याच जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें, जमिनींतून निघाले आहेत.

नेवाशास येणारे लोक बहुधा ज्ञानेश्वरांचा खांब पाहून परततात. तेथील लाडमोड नांवाच्या मातीच्या टेकाडाकडे फारसें कोणी वळत नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९५४ ते १९५६ ह्या काळांत येथें उत्खनन केलें. तेव्हां सातवाहनकाळच्या देशी भांड्यांबरोबर परक्या घड्यांचीं खापरेंही सांपडलीं. असा घडा उंच, अरुंद गळ्याचा, दोन कानांचा व निमुळत्या बुडाचा असे. भूमध्य समुद्राकांठचे व्यापारी त्यांत द्राक्षारस व तेल भरून गलबतांनीं दूरदेशीं पाठवीत.

तो घडा येथवर कसा आला? पहिल्या शतकांत एका व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत लिहिलेलें ‘पेरिप्लस’ नांवाचें पुस्तक आज उपलब्ध आहे. त्यांत सांगितलें आहे कीं, भडोच बंदरांत इटलीचा द्राक्षारस उतरे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. पैठणाहून मौल्यवान खडे व तेरहून कापड गाड्यांत घालून भडोचला नेत. नेवासें पैठणापासून दूर नाहीं. तेव्हां परतणाऱ्या गाड्यांतून हे घडे आले असावेत.

मात्र एवढ्यावरून नेवाशास रोमी लोक राहत होते असें म्हणूं नये. खापर व्यापाराची साक्ष देतें, वस्तीची नव्हे. शिवाय तें कोणत्या थरांत होतें ह्यावरूनच त्याचा काळ ठरतो. उचलून घरीं आणलेलें खापर मुकें होतें.

आपल्या पुष्कळ गांवांजवळ जुनी पांढर आहे. तिची माती लोक धाब्यावर व शेतांत घालण्यासाठीं नेत आले. मातीबरोबर गांवाचा इतिहासही गेला. म्हणून अशा स्थळीं मुलांस अवश्य न्यावें, परंतु खणूं नये. कांहीं दिसल्यास जागीं तसेंच ठेवून तलाठ्यास किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावें.

प्रश्न : (१) नेवाशाचें खापर काय सिद्ध करतें, व काय करीत नाहीं? (२) आपल्या गांवची पांढर कोठें आहे, व तिची आजची स्थिति कशी आहे?