हिरव्या दिव्यावर विसंबू नकोस

बाळा, परवापासून कॅम्पसचं नेटवर्क तुझ्या हाती येतंय. ग्वाल्हेरच्या एमआयटीएसमधून शिकून निघालीस, पोलिंग, ट्रॅप, एमआयबी हे सगळे शब्द तुला पाठ आहेत. आता ते रात्री दोन वाजता कसे वागतात, तेवढं आत्याकडून ऐकून घे.

मोठ्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे दिसले की माणूस निर्धास्त होतो. तू होऊ नकोस. हिरवा दिवा एवढंच सांगतो की शेवटचं विचारलं तेव्हा उत्तर आलं होतं. काय विचारलं आणि कधी विचारलं, हे आधी बघ.

पिंगचंच घे. माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. आजही बिघाड झाला की पहिला हात त्याच्याकडेच जातो. पण पिंगने फक्त यंत्र जागं असल्याचं कळतं. फी भरायचं सॉफ्टवेअर आडवं झालेलं असतं आणि सर्व्हर पिंगला खुशाल उत्तर देत असतो. उलट कधी फायरवॉलने पिंग अडवलेलं असतं, आणि यंत्र ठणठणीत असतं. म्हणून लोक ज्या सेवेसाठी फोन करणार, तीच तपासायला लाव. पान उघडतं का, डीएनएस उत्तर देतो का, लॉगिन होतं का.

एसएनएमपीच्या पोलिंगमध्ये आपला मॅनेजर ठरावीक वेळाने स्विचमधल्या एजंटला यूडीपी १६१ पोर्टवर विचारतो. ट्रॅपमध्ये स्विच आपणहून १६२ वर कळवतो. ट्रॅपला पोच नसते. तो वाटेत हरवला तर पाठवणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. महत्त्वाच्या ठिकाणी पोच मागणारा इन्फॉर्म वापर. आणि ज्याची वीजच गेली तो स्विच बहुतेक वेळा काहीच कळवत नाही, तेव्हा ट्रॅप लावलेत म्हणून पोलिंग कधी थांबवू नकोस.

काउंटरकडे नीट बघ. ३२ बिटांचा काउंटर ४२९ कोटी बाइटांच्या पुढे गेला की शून्यापासून मोजायला लागतो. भरून वाहणाऱ्या एक गिगाबिटच्या लिंकवर हे साधारण ३४ सेकंदांत घडतं. तू दर पाच मिनिटांनी विचारत असशील तर मधले किती फेरे झाले ते कळणारच नाही, आणि आलेख देखणा पण खोटा निघेल. तिथे ६४ बिटांचाच काउंटर घे. अपटाइमचंही तसंच: तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणून ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. स्विच रीबूट झाला असं समजून धावत सुटायच्या आधी लॉग बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बेसलाइन, म्हणजे आपल्याकडची नेहमीची पातळी. कंपनीने बसवून दिलेले थ्रेशोल्ड कंपनीचे असतात, ग्वाल्हेरचे नसतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लाइट गेली की स्विच यूपीएसवर चालू राहतात, पण एसी बंद पडतो. पडद्यावर सगळं हिरवं, आणि रॅक आतून तापत चाललेला! त्यामुळे रॅकच्या आत शिरणाऱ्या हवेच्या तापमानाचा अलार्म आधी लाव. आकडा किती आहे यापेक्षा तो किती वेगाने चढतोय ते बघ, कारण जनरेटर सुरू करायला किती अवधी हातात आहे ते त्यावरूनच कळतं. ट्रॅफिकची बेसलाइन किमान महिनाभराच्या आलेखांवरून ठरव. रविवार वेगळा, परीक्षेचे आणि निकालाचे दिवस वेगळे. हॉस्टेलचं ट्रॅफिक रात्री चढतं, त्याला बिघाड समजू नकोस.

अलार्म ८० टक्क्यांना वाजत असेल तर तो ७० च्या खाली आल्यावरच मिटू दे. नाहीतर रात्रभर चालू-बंद होत राहील आणि तुम्ही सगळे त्याकडे दुर्लक्ष करायला शिकाल. मला याची फार भीती वाटते. कोणता स्विच कोणाच्या मागे आहे तेही सिस्टिमला सांगून ठेव, म्हणजे एक फायबर तुटली की तीस अलार्मऐवजी एकच येईल.

एजंटला विचारताना लागणारा परवलीचा शब्द, म्हणजे कम्युनिटी स्ट्रिंग, ‘पब्लिक’ दिसली तर त्याच दिवशी बदल, आणि जमेल तिथे एसएनएमपीची तिसरी आवृत्ती लाव.

सिसलॉगमध्ये आकडा लहान तितकं संकट मोठं: शून्य म्हणजे आणीबाणी, सात म्हणजे डीबग. घड्याळं जुळली नसतील तर दोन यंत्रांचे लॉग शेजारी ठेवून काही उपयोग नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घड्याळं एनआयसीच्या किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. आदेश नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आणि अलार्म अॅक्नॉलेज केला म्हणजे तो सुटला असं नाही. कोणीतरी तो पाहिला, इतकंच. शिफ्ट बदलताना असे सगळे अलार्म पुढच्याला तोंडी सांग, आणि रजिस्टरमध्ये कारण, तक्रार क्रमांक आणि कोणाशी बोललीस ते लिहूनच खुर्ची सोड.