तयार बटण घे, पण आधी मराठी घालून बघ

शेतकरी गटाच्या ॲपसाठी बटणं, याद्या, तारखेचं कॅलेंडर हे सगळं स्वतः लिहू की तयार लायब्ररीतून घेऊ, असं विचारलंस ना? तयार घे गं. त्यात कमीपणा काही नाही.

तारखेचं कॅलेंडरच बघ. वरून दिसतं साधं. पण कीबोर्डच्या बाणांनी तारीख पुढे-मागे सरकवणं, एस्केप दाबलं की ते मिटणं, डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला स्क्रीन रीडरवर वार नीट ऐकू येणं, यावर लोकांनी वर्षानुवर्षं घाम गाळलाय. २०११ मध्ये ट्विटरमधल्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅप ही तयार लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली. तेव्हापासून एकटीदुकटी पोरगीसुद्धा मोठ्या कंपनीच्या तोडीचा फॉर्म उभा करू शकते. झरीसारख्या गावात बसून काम करणाऱ्या तुला हे फार मोठं बळ आहे.

पण एक मनात पक्कं धर. या लायब्ऱ्या बनवणाऱ्यांनी बटणात बहुतेक इंग्रजी नाहीतर चिनी अक्षरं घालून पाहिलेली असतात. मराठी घालून बघायचं काम आपलं, आणि ते लायब्ररी ठरवायच्या आधी करायचं.

तुझं 'नोंदणी पूर्ण करा' हेच बटण घे. 'पूर्ण' या शब्दात खाली दीर्घ उकार आहे आणि वर रफार. बटणाची उंची बांधलेली, लाइन-हाइट कमी आणि ओव्हरफ्लो लपवलेला, असं जुळून आलं की उकाराचं शेपूट तरी जातं, नाहीतर रफार तरी. मटेरियल यूआय या लायब्ररीच्या बटणात तर अक्षरांमध्ये मुळातच थोडं अंतर सोडलेलं असतं. इंग्रजीला ते शोभतं, आपली मात्र शिरोरेषा तुटते. म्हणून थीममध्ये पहिल्यांदा लेटर-स्पेसिंग शून्य कर, लाइन-हाइट वाढव, मग रंगांकडे वळ.

अक्षरं मोजणाऱ्या रकान्यांवरही नजर ठेव. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणक त्याच्या सहा खुणा मोजतो. नावाच्या रकान्याला वीसची मर्यादा घातलीस, तर आपल्याकडची साधी नावंही अर्ध्यात तुटतील. शोधयादीचंही तसंच. 'शेतकऱ्या'मधला 'ऱ' कुणाच्या कीबोर्डवरून एकच खूण म्हणून येतो, कुणाच्या कीबोर्डवरून 'र' आणि नुक्ता अशा दोन खुणांनी. दिसायला दोन्ही सारखेच, तरी शोधात सापडत नाहीत. शोधायच्या आधी दोन्हीकडचा मजकूर नॉर्मलाइज करून घे, एका ओळीचं काम आहे. आणि पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदव. सोय असलेल्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' मग मराठी वळणाचे दिसतात, आणि स्क्रीन रीडरलाही मजकूर कोणत्या भाषेत वाचायचा ते कळतं.

आता सगळ्यात जीव तोडून सांगते ते ऐक. लायब्ररीचं बटण प्रत्येक स्क्रीनवर थेट लावत सुटू नकोस. त्याच्याभोवती स्वतःचं एक बटण बनव आणि सगळीकडे तेच वापर. २५ डिसेंबर २०१८ रोजी अँट डिझाइन ही लायब्ररी वापरणाऱ्या कित्येक साइटवर बटणांच्या माथ्यावर अचानक बर्फ दिसू लागला. नाताळची गंमत म्हणून तो कोड लायब्ररीतच आधीपासून दडवलेला होता. आपल्या कार्यालयीन सॉफ्टवेअरवर हे काय आलं म्हणून डेव्हलपर पार गोंधळून गेले. ज्यांचं बटण एकाच फाइलमधून जात होतं, त्यांना दुरुस्तीची जागा तरी एकच होती. लायब्ररीची आवृत्तीही पक्की करून ठेव. आपोआप नवी आवृत्ती येऊ देऊ नकोस. बदल वाचायचे, तपासायचे, मगच घ्यायचे.

अख्खी लायब्ररीही ओढून आणू नकोस, लागतं तेवढंच घे. शेतात रेंजची एखादीच काडी असते, आणि डेटा माणसांच्या खिशातून जातो. २०२१ पासून आपले लोक ई-पीक पाहणीसाठी मोबाइल हातात धरून बांधावर उभे राहतायत. त्यांना ॲपचं भय नाही. त्यांना त्रास होतो तो उन्हात न दिसणाऱ्या फिक्या राखाडी अक्षरांचा आणि बोटाखाली न सापडणाऱ्या बारीक बटणांचा. वेबच्या सुगम्यतेचा नियम किमान २४ पिक्सेल म्हणतो. तू ४८ धर. कापूस वेचून आलेल्या हाताला तेवढी जागा लागतेच.

लायब्ररी ठरवण्याआधी एवढं कर. बियाणं कुठून घेतलं त्या यादीत 'वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी' हे पूर्ण नाव टाक, खाली 'नोंदणी पूर्ण करा' ठेव आणि स्क्रीनशॉट पाठव. तुझ्या फोनवरून नको, बाबांच्या फोनवरून पाठव. त्यांनी अक्षरं मोठी करून ठेवलीयत, नाव कुठे तुटतं ते तिथेच कळेल.