नदीकाठ, हिरवळ आणि घराची किंमत

रायपूरच्या गोल बाजारात गाळ्याला मोल येते ते गिऱ्हाइकांच्या वर्दळीमुळे. राहत्या घराचे गणित याहून निराळे असते. खोल्या, शेजार व कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर यांच्याबरोबरच स्वच्छ हवा, सावली आणि मोकळी जागा यांचेही मोल घर घेणारा देत असतो. मात्र त्याची वेगळी पावती त्याला मिळत नाही. दोन घरे इतर सर्व बाबतींत सारखी असून त्यांपैकी एकच निर्मळ जलाशयालगत असेल, तर त्यांच्या किमतींतील फरक हे त्या सान्निध्याचे मोल समजावे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझेन यांनी १९७४ साली या विचाराची पद्धतशीर मांडणी केली.

हे मोल उणेही असू शकते. नदीत सांडपाणी सोडले जाऊ लागले, की ज्यांना परवडते ते काठ सोडून जातात. भाडी उतरतात व गरिबांना तेथे आसरा मिळतो. पुढे तीच नदी स्वच्छ झाली, म्हणजे हा क्रम उलटा फिरतो. घरमालकाची मत्ता वाढते, तर भाडेकरूचे भाडे वाढते. ज्याने दुर्गंधी सोसली, त्यालाच सुधारणेच्या वेळी घर सोडावे लागण्याचा संभव असतो.

अहमदाबादेत साबरमतीचा काठ बांधून काढताना हजारो कुटुंबांना तेथून हलावे लागले. त्यांतील अनेकांना शहराच्या दूरच्या भागांत घरे मिळाली. घर मिळाले, तरी कामाचे ठिकाण दुरावले. याउलट तळ्यांचे जुने शहर असलेल्या रायपुरात तेलीबांधा तलावाचा काठ सुधारताना तेथील झोपडीवासीयांसाठी जवळच बहुमजली इमारती उभारण्यात आल्या. तलावकाठचा तो रस्ता आज ‘मरीन ड्राइव्ह’ या नावाने ओळखला जातो.

आता प्रश्न उरतो तो वाढलेल्या किमतीवर हक्क कोणाचा, हा. सुधारणेचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो. लाभ मात्र लगतच्या जमीनमालकांना श्रमावाचून मिळतो. या वाढीचा काही अंश समाजाकडे परत यावा, हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ यात ते आढळते आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही नगररचना योजनांपुरती सुधार-अंशदानाची तरतूद आहे. नदी-सुधारणेच्या कामांतही असे अंशदान घेऊन काठावरील रहिवाशांच्या घरांसाठी ते राखून ठेवता येईल. तसे झाले, तर निर्मळ पाण्याचा लाभ जुन्या रहिवाशांनाही तेथेच राहून घेता येईल.