पऱ्हाटीच्या पानात प्रथिनाचा पत्ता कसा वाचावा?

बारावीच्या किंवा बी.एस्सी.च्या जीवशास्त्रात ‘प्रथिनांचं वहन’ हा भाग आला की बहुतेक विद्यार्थी आकृती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्याच्या विद्यार्थ्याला पाठांतराची गरज नाही. वावरातलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, एक पान तोडून समोर ठेवा. या पानातल्या दोन प्रथिनांचा प्रवास नीट समजला की अख्खा धडा समजतो.

पहिलं प्रथिन हरितद्रव्य धरून ठेवणारं. त्याचं नाव एलएचसी-दोन. पानाचा हिरवेपणा मुख्यतः त्याच्यामुळे टिकतो. दुसरं क्राय-दोन-एबी, म्हणजे २००६ पासून आपल्याकडे असलेल्या दोन जनुकांच्या बीटी कपाशीतलं अळीनाशक प्रथिन. दोन्ही हरितलवकात जातात. पण पहिलं तिथल्या सर्वांत आतल्या पटलात रुतून बसतं आणि दुसरं बसत नाही. असं का होतं, हे शोधण्यासाठी पुढच्या पायऱ्या क्रमानं करा.

पायरी १ : आधी नकाशा काढा. वहीच्या पूर्ण पानावर पेशी काढा. तिच्यात केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, तंतुकणिका आणि हरितलवक दाखवा. हरितलवकाला बाहेरचं, आतलं आणि थायलॅकॉइडचं अशी तीन पटलं वेगवेगळ्या रंगांत काढा. हिरवं द्रव्य तिसऱ्या पटलात असतं. इथे दोनच पटलं काढली, तर पुढचं गणित चुकलंच समजा.

पायरी २ : प्रथिन कुठे तयार झालं ते लिहा. आपल्या दोन्ही प्रथिनांची जनुकं केंद्रकात आहेत. त्यामुळे ती पेशीद्रव्यातल्या रायबोसोमवर विणली जातात आणि मग त्यांना हरितलवकात शिरावं लागतं. हरितलवकाची स्वतःचीही थोडी जनुकं असतात. त्यांची प्रथिनं आतच बनतात, म्हणून त्यांना बाहेरची दोन पटलं ओलांडावी लागत नाहीत.

पायरी ३ : सुरुवातीची अमिनो आम्लं वाचा. एसटीच्या कपाळावर पाटी असते, तशी बऱ्याच प्रथिनांच्या सुरुवातीच्या टोकाला पाटी असते. पत्ता प्रथिनाच्या अंगातच लिहिलेला असतो, ही कल्पना मांडून सिद्ध केल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ओळखीच्या खुणा अशा :

- आंतर्द्रव्यजालिका : साधारण १६ ते ३० अमिनो आम्लं, मधोमध पाण्याला टाळणाऱ्या, तेलकट आम्लांचा सलग पट्टा.
- तंतुकणिका : अर्जिनिनसारखी धनभारित आम्लं बरीच. गुंडाळी केली की एक बाजू धनभारित आणि दुसरी तेलकट.
- हरितलवक : लांब पाटी. सेरिन आणि थ्रिओनिन भरपूर, ऋणभारित आम्लं फारच कमी.

क्राय-दोन-एबी हे मूळचं जिवाणूचं प्रथिन. त्याला हरितलवकाचा पत्ता कुठून असणार? म्हणून शास्त्रज्ञांनी अॅराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीच्या एका प्रथिनाची पाटी त्याला जोडली. त्याच कपाशीतल्या दुसऱ्या अळीनाशक प्रथिनाला, क्राय-एक-एसीला, अशी पाटी नाही. ते हरितलवकात जात नाही.

पायरी ४ : दार ओळखा. आंतर्द्रव्यजालिकेची पाटी रायबोसोममधून बाहेर डोकावली की एसआरपी नावाचा कण तिला धरतो, विणकाम मंद करतो आणि रायबोसोमसकट सगळं सेक-६१ या दारापाशी नेतो. तिथे प्रथिन विणता विणताच आत सरकतं. हरितलवकात विणकाम आधी पूर्ण होतं. मग प्रथिन घडी न घालता, उलगडलेल्या अवस्थेत बाहेरच्या पटलातलं टॉक आणि आतल्या पटलातलं टिक ही दोन दारं ओलांडतं. आत गेल्यावर पाटी कापली जाते. इथवर आपले दोन्ही प्रवासी बरोबरीनं येतात.

पायरी ५ : पटलात मुक्काम आहे का, ते मोजा. पटलाचा तेलकट गाभा सुमारे ३ नॅनोमीटर जाड असतो. सर्पिल गुंडाळीत प्रत्येक अमिनो आम्ल ०.१५ नॅनोमीटर पुढे नेतं. भागाकार करा, २० येतात. म्हणून साखळीत सुमारे २० तेलकट आम्लं सलग दिसली की तिथे पेन्सिलीनं खूण करा.

एलएचसी-दोनमध्ये पटल ओलांडणाऱ्या अशा तीन गुंडाळ्या आहेत. हा तेलकट ऐवज पाण्यात मोकळा सोडला तर गोळा होईल. म्हणून हरितलवकातलं स्वतःचं एसआरपी त्याला सांभाळून थायलॅकॉइडपर्यंत नेतं आणि अल्ब-तीन नावाचं प्रथिन त्याला पटलात बसवतं. क्राय-दोन-एबीला पटलात बसण्याची अशी दुसरी सूचनाच नाही, त्यामुळे ते पटलाबाहेरच राहतं.

पायरी ६ : दिशा तपासा. पटल विषम वेळा ओलांडलं तर प्रथिनाची दोन टोकं विरुद्ध बाजूंना येतात, सम वेळा ओलांडलं तर एकाच बाजूला. आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात आणखी एक खूण उपयोगी पडते : गुंडाळीच्या ज्या बाजूला लायसिन आणि अर्जिनिन जास्त, ती बाजू सहसा पेशीद्रव्याकडे राहते.

पायरी ७ : स्वतः करून पाहा. मोबाइलवर युनिप्रॉट हा मोफत संग्रह उघडून मानवी इन्सुलिन शोधा. ११० अमिनो आम्लांपैकी पहिली २४ ही पाटी :

एम ए एल डब्ल्यू एम आर एल एल पी एल एल ए एल एल ए एल डब्ल्यू जी पी डी पी ए ए ए

यातले ‘एल’, म्हणजे ल्युसिन, मोजा. आठ भरतील. सहाव्या जागेवर धनभारित ‘आर’, म्हणजे अर्जिनिन, आणि त्यामागोमाग तेलकट पट्टा. पायरी ३ शी ताडून पत्ता सांगा : आंतर्द्रव्यजालिका.

नेहमीच्या तीन चुका. एक, प्रत्येक तेलकट पट्टा म्हणजे पटलातला मुक्काम असं मानणं. इन्सुलिनचा पट्टा कापला जातो आणि इन्सुलिन पेशीबाहेर पडतं. दोन, पाटी नेहमी सुरुवातीलाच शोधणं. काही प्रथिनांची खूण शेपटीला असते. ती रायबोसोममधून सर्वांत शेवटी बाहेर येते, म्हणून त्यांना गेट नावाचा वेगळा मार्ग लागतो. तीन, ‘पोचलं’ आणि ‘बसलं’ यांत गल्लत करणं.

तिसऱ्या चुकीचं मोल वऱ्हाडाला चांगलं ठाऊक आहे. क्राय-दोन-एबी अळीच्या आतड्यात पोचलं तरी तिथल्या पेशीच्या पटलातलं योग्य प्रथिन सापडल्याशिवाय ते मारू शकत नाही. एबीसीए-दोन हे तसं एक प्रथिन. ते १२ वेळा पटल ओलांडतं, आणि त्याच्या जनुकातला बिघाड भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांत सापडला आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भात याच अळीनं बोंडं पोखरली, तेव्हा पानातलं प्रथिन तेच होतं, अळी बदललेली होती.

आता बारा वेळा पटल ओलांडणाऱ्या एबीसीए-दोनची दोन टोकं एकाच बाजूला येतील की विरुद्ध, हे पायरी ६ वापरून वहीत लिहा. उत्तर आकृतीत न बघता आलं, तर धडा तुमचा झाला.