दोमिनुस आणि दोमिने

बाय, लॅटिनचं पुस्तक घरी आणलंस हे ऐकून फार बरं वाटलं. इंग्रजीचं व्याकरण पक्कं करायला एवढा लांबचा फेरा कशाला, असं तुला कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजी वाक्य मला आतून उलगडलं ते लॅटिनमुळंच. फक्त एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती तुला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो. लॅटिनकडे इंग्रजीच्या दारातून जाऊ नकोस, मराठीच्या दारातून जा.

मी वेदीसेवक होतो तेव्हा आमच्याकडे वसईत मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची. मराठी आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते ६५ नंतर. आम्ही नऊ-दहा वर्षांची पोरं अर्थ न कळता सगळी उत्तरं घडाघडा म्हणायचो. पण माझ्या कानाला एक गोष्ट खटकायची. प्रभूला कधी ‘दोमिनुस’ म्हणत, तर कधी ‘दोमिने’. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, प्रभू एकच आहे, तू पाठ कर. याचं उत्तर घरातच होतं. आई म्हणायची, ‘देव बघतो’, आणि गुडघे टेकून हाक मारताना म्हणायची, ‘देवा!’ देव–देवा, दोमिनुस–दोमिने. प्रथमा आणि संबोधन. हे लक्षात यायला मला कॉलेजपर्यंत थांबावं लागलं, कारण तोवर मला कुणी लॅटिनशेजारी मराठी ठेवून दाखवली नव्हती.

आता हे वाक्य मोठ्यानं वाच: ‘पुएल्लाम कानिस मोर्देत.’ शब्दाला शब्द ठेव: मुलीला कुत्रा चावतो. क्रमसुद्धा तोच, क्रियापद शेवटी. आता पहिले दोन शब्द उलटे कर: ‘कानिस पुएल्लाम मोर्देत’, कुत्रा मुलीला चावतो. अर्थ जागचा हलला नाही, कारण ‘पुएल्लाम’मधला ‘म’ आणि आपल्या ‘मुलीला’मधला ‘ला’ आपापलं काम धरून बसले आहेत. हेच इंग्रजीत करून बघ. डॉग आणि गर्ल यांची जागा बदललीस की मुलगीच कुत्र्याला चावेल. इंग्रजीनं आपले प्रत्यय शतकानुशतकं झिजवून टाकले आणि त्यांचं काम जागेवर सोपवलं. म्हणून तिथं कर्ता आधी, क्रियापद मधे, कर्म नंतर, हा क्रम इतका कडक. मी शाळेत हा क्रम नियम म्हणून घोकून घेत होतो. त्यामागचं कारण मला सांगता आलं असतं, तर किती मुलांचे कष्ट वाचले असते!

जिथं प्रत्ययाची खूण उरली आहे, तिथं इंग्रज माणूसही अडखळतो. ‘हू’ की ‘हूम’? ‘बिट्वीन यू अँड आय’ की ‘मी’? तिथं मराठीत विचार: ‘तुझ्या-माझ्यात’ म्हणतेस ना, ‘तू-मीत’ म्हणत नाहीस. मग इंग्रजीतही ‘आय’ नाही, ‘मी’च. ‘कोण’ आलं तर ‘हू’, ‘कोणाला’ आलं तर ‘हूम’. मात्र दोन ठिकाणी सांभाळ. आपला भूतकाळ फसवतो: ‘ग्लास कोणी फोडला?’ इथं कर्त्यालाच प्रत्यय लागला. वाक्य वर्तमानकाळात आणून बघ, ‘कोण फोडतो?’, की लगेच ‘हू’ सापडतो. दुसरी जागा आवडण्या-वाटण्याची. ‘मला आवडतं’ म्हणतो आपण, इंग्रज म्हणतो ‘आय लाइक’. लॅटिन इथं आपल्या बाजूला उभी आहे: ‘मिही प्लाकेत’, ‘मिही’ म्हणजे ‘मला’. आणि जुनी इंग्रजीही आपल्याच वळणाची होती. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ भेटतं, त्यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. मला वाटतं, बस्स. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून किती तरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

आता वहीचं सांगतो. नाम कधी एकटं लिहू नकोस, जोडीला त्याची षष्ठी लिही. पुस्तकात दोन्ही छापलेली असतात, पण मुलं दुसरी गाळतात आणि तिथंच घोटाळा करतात. आपल्याकडे ‘घोडा’ला प्रत्यय लावायचा तर आधी ‘घोड्या’ हे सामान्यरूप करावं लागतं, तसंच हे आहे. लॅटिन शब्दाचं खरं अंग षष्ठीत दिसतं. ‘रेक्स’ म्हणजे राजा, षष्ठी ‘रेगिस’, त्यातून ‘रीगल’. ‘पेस’ म्हणजे पाय, ‘पेदिस’, त्यातून ‘पेडल’ आणि ‘पेडेस्ट्रियन’, आणि शेजारी आपलं ‘पद’. ‘देन्स, देन्तिस’, मग ‘डेन्टल’ आणि आपला ‘दंत’. ‘तेम्पुस, तेम्पोरिस’ लिहिलंस की ‘टेम्पररी’च्या स्पेलिंगमधला ‘ओ’ पुन्हा कधी सुटणार नाही. पानावर तीन रकाने पाड: लॅटिनची जोडी, इंग्रजी शब्द, आणि सापडलाच तर मराठी-संस्कृत भाऊबंद. रोज पाच शब्द पुरेत.

विभक्त्यांचा हिशोब थोडा वेगळा आहे. संस्कृतच्या आठांऐवजी इथं मुख्यतः सहा. तृतीया आणि पंचमी एका घरात राहायला गेल्या, सप्तमीही बहुतेक तिथंच गेली. म्हणून ते रूप दिसलं की ‘ने’, ‘हून’, ‘त’ हे तिन्ही लावून बघ: ‘मानू’ हाताने, ‘रोमा’ रोमहून, ‘इन होर्तो’ बागेत. उलट, आपल्या एका ‘ला’ची दोन कामं लॅटिन वेगळी करते. ‘मुलीला बघतो’ यात ‘पुएल्लाम’, ‘मुलीला फूल देतो’ यात ‘पुएल्लाए’. इथं मराठी कान पुरणार नाही, इथं तक्ताच पाठ हवा. इंग्रजीतलं डायरेक्ट आणि इनडायरेक्ट ऑब्जेक्ट तुला इथंच नीट कळेल.

मराठीचा हा आधार मी माझ्या पदरचा सांगत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १५८३ साली त्यानं भावाला पत्रातून कळवलं की इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. विल्यम जोन्स कलकत्त्यात संस्कृतच्या लॅटिन-ग्रीकशी असलेल्या नात्याविषयी बोलला ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या या स्टीफन्सला ते साम्य कानानं जाणवलं होतं.

एक मात्र बजावतो. लॅटिनचा कायदा इंग्रजीवर लादू नकोस. लॅटिनमध्ये ‘आमारे’ हा एकच शब्द, तो फोडता येत नाही. इंग्रजीत ‘टू लव्ह’ हे दोन शब्द, त्यांच्यामध्ये एखादं क्रियाविशेषण बसलं तर काही बिघडत नाही. शब्दयोगी अव्ययानं वाक्य संपवू नये हाही असाच एक हट्ट. १६७२ साली ड्रायडननं बेन जॉन्सनला त्यावरून दोष दिला आणि पुढं पिढ्यान्पिढ्या शिक्षक तेच सांगत राहिले. मीही सांगितलं, मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईनं खुणा केल्या. त्या खुणा आज मला पुसता आल्या असत्या तर पुसल्या असत्या.

उच्चाराचा घोळ घालू नकोस. जुने रोमन ‘किकेरो’ म्हणत, चर्चमध्ये ‘चिचेरो’ म्हणतात, इंग्रज ‘सिसेरो’. एक धर आणि तोच चालव. तक्ते पाढ्यांसारखे मोठ्यानं म्हण, पण त्याच दिवशी त्यातलं एक रूप वाक्यात बसव. मी वर्षभर नुसते तक्ते घोकले आणि साधी चार वाक्यं वाचायला बसलो तेव्हा हातात काही नव्हतं. तुझ्या व्हीलॉकच्या पुस्तकात चाळीस धडे आहेत. आठवड्याला एक कर, दोन नको.

रविवारी मिस्सेनंतर वही घेऊन ये. पहिल्या पानावर ‘दोमिनुस, दोमिनी’ लिहून आण, आणि समोरच्या रकान्यात त्याचे इंग्रजी वंशज किती सापडतात ते बघ. मला चार ठाऊक आहेत.