कल्पकता व तिचा अभ्यास

कल्पकता हे थोड्या भाग्यवंतांनाच लाभलेले देणे होय, असा समज आपल्या खेड्यांतून फार आहे. "आम्हांस काय सुचणार?" असे म्हणून पुष्कळ जण स्वस्थ बसतात. हा समज खरा नव्हे, हे आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका उदाहरणावरून पाहू.

सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेली वाटोळी खेळाची पाने. खेळाशी येथे आपणांस कर्तव्य नाही. काम पाहावयाचे आहे. दशावतारी गंजिफेत दहा रंग असतात, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांची पाने मिळून बारा, एकूण १२०. छापील बावन्न पत्ते स्वस्त मिळू लागले, तसे गिऱ्हाईक आटले व ही विद्या जाणणारे हात संपत आले. पुढे १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी तिला आधार दिला. राणीसाहेब स्वतः एका वृद्ध चिताऱ्यापाशी शिकावयास बसल्या, आणि राजवाड्यातच इतरांसही ते काम शिकविले गेले. आणखी थोडा विलंब होता, तर त्या वृद्धाबरोबर त्याची विद्याही गेली असती.

यावरून तीन गोष्टी ध्यानात याव्यात.

पहिली : शिकल्यावाचून सुचत नाही. जेथे राणीस शिष्य होण्यात कमीपणा वाटला नाही, तेथे आपणांस का वाटावा?

दुसरी : मर्यादा ही अडचण नव्हे. मत्स्याच्या दश्शीवर लहानशा वर्तुळात दहा मासे बसवावे लागतात. जागा ठरलेली, संख्या ठरलेली. मांडणी मात्र चिताऱ्याची.

तिसरी : नेम हवा. एक दिवस कुंचला धरून रेघ वळत नाही. रोज थोडे केल्यानेच हात वळतो.

आपल्या किनाऱ्यावर जाळे सांधणारे, झावळांचे झाप विणणारे, काथ्याची दोरी वळणारे वृद्ध हात अद्याप आहेत. विकतची वस्तू सहज मिळते, म्हणून मुले त्यांच्यापाशी बसत नाहीत. आम्ही इतकेच सुचवितो की, या आठवड्यात प्रत्येक घरातील एका मुलाने अशा एका हाताजवळ रोज अर्धा तास बसावे. प्रथम जसेच्या तसे करावे. स्वतःचे काही घालण्याची बुद्धी मागाहून होते.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या वाडीत एकाच माणसास येते असे कोणते काम आहे?
२. ते त्याच्याकडून कोण शिकत आहे?